जुन्या तेलरंगातील शिसे आणि आमच्या बालरुग्ण विभागाचे रंगकाम

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आणि ताळेबंद आपल्या हाती आहेत. त्यांतील आकड्यांची उजळणी येथे करीत नाही. मात्र ‘इमारत देखभाल व रंगकाम’ या बाबीवर अंदाजपत्रकापेक्षा अधिक खर्च झाला आहे आणि बालरुग्ण विभागाचे नूतनीकरण ठरल्या मुदतीत पूर्ण झालेले नाही. ज्यांच्या देणगीतून हे काम चालले आहे, त्यांना याचे कारण विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. ते कारण आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आपल्या रुग्णालयाच्या जुन्या भागातील सागवानी दारे, खिडक्यांच्या चौकटी आणि व्हरांड्याचा लाकडी कठडा यांवर दर काही वर्षांनी तेलरंगाचा हात दिला जात असे. असे थरावर थर चढत गेले. पावसाळ्यात ओल धरली की त्यांचे पोपडे सुटतात. या वेळी काम सुरू होण्यापूर्वी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारले, “या पोपड्यांत शिसे आहे का, हे कधी तपासले आहे काय?” ते कधीच तपासलेले नव्हते. नमुने प्रयोगशाळेकडे पाठविले. तळच्या थरांत शिशाचे प्रमाण आजच्या कायदेशीर मर्यादेच्या अनेक पट आढळले.

यात नवल काही नव्हते. सफेदा आणि शेंदूर हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. पूर्वीच्या रंगकामात वापरले जाणारे हे दोन्ही पदार्थ शिशाची संयुगे होत. त्यांच्यामुळे रंग टिकाऊ होई आणि पृष्ठभाग चांगला झाकला जाई. भिंतींच्या साध्या चुन्याच्या सफेदीत हा दोष नाही. तो आहे जुन्या तेलरंगात, म्हणजे मुलांचे हात नेमके जेथे लागतात त्या दाराखिडक्यांवर आणि कठड्यांवर.

शिसे शरीरास कोणत्याही प्रकारे उपयोगी नाही. त्याचे सुरक्षित म्हणता येईल असे प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात शोषला जाणारा अंश मोठ्यांच्या मानाने चार ते पाच पट असतो. त्याने बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, रक्तक्षय होतो. औषधोपचाराने रक्तातील शिसे कमी करता येते. मेंदूचे झालेले नुकसान मात्र भरून येत नाही. गर्भवतीच्या हाडांत साठलेले शिसे गर्भापर्यंत पोहोचते. म्हणून प्रतिबंध हाच येथे खरा उपचार आहे.

ही जाणीव जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली मुलांच्या शिसे-विषबाधेचे मूळ घरांच्या रंगविलेल्या कठड्यांत आणि भिंतींत असल्याचे मांडले. ऊन खाऊन त्या रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांना लागे आणि हात तोंडात जात. आमच्या व्हरांड्याचा कठडाही तसाच आहे.

आपल्या देशात शिसेयुक्त रंगांविषयीचे नियम २०१६ साली अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यानुसार घरगुती व सजावटीच्या रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. ही तरतूद स्वागतार्ह आहे; परंतु ती नव्या रंगाच्या उत्पादनाविषयी आणि व्यापाराविषयी आहे. पूर्वी लागून गेलेला थर खरवडताना काय करावे, हे त्या नियमांत नाही.

ते पाहण्यासाठी आम्ही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा २००८ सालचा नियम अभ्यासला. तो एप्रिल २०१० पासून तेथे अमलात आहे. १९७८ पूर्वी बांधलेली घरे आणि सहा वर्षांखालील मुले जेथे नियमित येतात अशा वास्तू यांना तो लागू होतो. खोलीत सहा चौरस फुटांहून अधिक रंगविलेला पृष्ठभाग उखडावयाचा असेल, तर काम प्रमाणित कंत्राटदाराने प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली करावे लागते. रहिवाशांना आधी लेखी माहिती द्यावी लागते. दारेखिडक्या बंद करून कामाच्या जागेभोवती सहा फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरावे लागते. उघड्या ज्योतीने रंग जाळण्यास आणि धूळ ओढून घेणारी गाळणी नसलेल्या यंत्राने घासण्यास तेथे सक्त मनाई आहे. शेवटी ओल्या फडक्याने जमीन पुसून, ते फडके नमुना-पत्राशी ताडून स्वच्छतेची खात्री करतात आणि कामाच्या नोंदी तीन वर्षे जपतात.

हा नियम वाचताना आमची मान खाली गेली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मागील रंगकामाच्या वेळी याच व्हरांड्यात कोरडा पॉलिश पेपर चालला होता आणि धूळ झाडूने लोटली जात होती. प्रसूती विभागाचे दार काही पावलांवर उघडे होते. कामावरच्या एका बाईचे तान्हे मूल त्याच कठड्याखाली झोळीत निजलेले असे. काम वेळेत आणि कमी खर्चात झाले, म्हणून आम्ही समाधान मानले होते. त्या धुळीची नोंद आमच्या कोणत्याही खतावणीत झाली नाही.

या वेळी आम्ही निविदेच्या अटीच बदलल्या. बालरुग्ण विभाग तात्पुरता नव्या इमारतीत हलविला. पृष्ठभाग पाण्याने भिजवून मगच खरवडावा, ब्लो लॅम्प वापरू नये, पोपडे पिशव्यांत बांधून वेगळे ठेवावेत आणि कामावर लहान मूल आणू नये, असे ठरविले. मुले आणता येणार नाहीत म्हणून मजूर महिलांचा रोजगार बुडू नये, यासाठी त्यांच्या मुलांकरिता दूरच्या खोलीत आया नेमली. रंगाऱ्यांना मुखपट्ट्या दिल्या. हातपाय धुऊन, कपडे बदलूनच त्यांनी घरी जावे अशी सोय केली. कारण कपड्यांवरची धूळ त्यांच्याही घरी मुलांपर्यंत जाते. रंगाऱ्यांचे मुकादम प्रथम म्हणाले, “साहेब, ओलं करून घासायचं म्हणजे दिवस दुप्पट लागतील. मजुरी कोण देणार?” प्रश्न रास्त होता. ती मजुरी संस्थेने दिली. वाढीव खर्चाचा मोठा भाग हाच आहे.

आपल्या देणगीची पाटी दर्शनी भिंतीवर या वर्षी लागू शकली नाही, याबद्दल दिलगीर आहोत. ज्या बालकांसाठी आपण हे दान दिले, त्यांच्या अंगी विष जाऊ नये म्हणून त्यातील काही रक्कम खर्ची पडली. तिचा याहून योग्य विनियोग आम्हांस सुचला नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक विनंती. आपली जुनी घरे पाहून घाबरून जाऊ नये. अखंड, घट्ट बसलेला रंग सहसा अपाय करीत नाही. धोका पोपडे सुटलेल्या, घासल्या जाणाऱ्या आणि खरवडल्या जाणाऱ्या रंगाचा आहे. घराचे रंगकाम काढाल तेव्हा गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना दुसरीकडे ठेवा, कोरडे घासू देऊ नका, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि नवा रंग घेताना डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख पाहून घ्या.

व्हरांड्याचे उरलेले काम याच पद्धतीने पुरे करण्याचा आमचा संकल्प आहे. विश्वस्त मंडळाने विलंब सोसून आमच्या पाठीशी उभे राहण्याचे औदार्य दाखविले आणि आपण सर्वांनी विश्वास कायम ठेवला, याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून आमचे निवेदन संपवितो.