तीन झाडांचा कायदा आणि बियांचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



गांजाच्या बियांवर समाजवादी कार्यकर्त्यांपुढे बोलायचे म्हणजे काहींच्या भुवया उंचावणारच. आपल्या चळवळीला नशाबंदीची परंपरा आहे आणि मी तिच्या बाहेरचा नाही. परंतु आजचा प्रश्न नशेचा नसून बियाण्यावरील सत्तेचा आहे. कायदा शिथिल झाला म्हणून ती सत्ता लागवड करणाऱ्याच्या हाती येतेच असे नाही.

जर्मनीचे उदाहरण घ्या. तेथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस घरी गांजाची तीन झाडे लावण्याची मुभा मिळाली आणि त्यासाठी युरोपीय संघातील देशांतून बी मागविणेही कायदेशीर झाले. शेजारच्या हॉलंडमध्ये बियांचा व्यापार दशकानुदशके उघडपणे चालत आला होता. म्हणजे नवा ग्राहक जन्मास आला तेव्हा त्याचा दुकानदार आधीच दारात उभा होता.

आता कायद्याने झाडे मोजली की बाजारात काय घडते ते पाहा. साध्या बियांतून सुमारे निम्मी झाडे नर निघतात. नराला उपयोगी बोंडे येत नाहीत, पण मोजणीत तो धरला जातो. ज्याला तीनच झाडे लावता येतात त्याला ही सोडत परवडत नाही. म्हणून तो फक्त मादी झाडे देणारे, अधिक महाग बी घेतो. मादी झाडावर चांदीच्या संयुगाची फवारणी करून तिलाच परागकण धरावयास लावतात आणि त्यांपासून हे बी तयार होते. अशा बागेत नर नसतो, म्हणून बी धरत नाही. पुढल्या हंगामास पुन्हा दुकान! कलम करता येते हे खरे, पण त्यासाठी राखलेले आईझाड तिघांपैकी एक ठरते. झाडांची संख्या मर्यादित करणाऱ्या कायद्याने, कोणाच्या मनात असो वा नसो, विकत घेतलेल्या बियाला बाजार मिळवून दिला.

आणि या महाग वाणांचे मूळ कोठले? हिंदुकुशच्या दऱ्या, मेक्सिको, कोलंबिया. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडलेले बी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि हॉलंडमध्ये गेले, त्याचे संकर झाले, त्यांना आकर्षक नावे मिळाली. त्या शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र अफू-गांजाविरुद्धच्या मोहिमा आल्या.

अमेरिकेत तर व्याख्येचाच खेळ झाला. २०१८ च्या कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांहून अधिक मादक द्रव्य नसलेला माल मुक्त केला. बियांत ते द्रव्य नगण्यच असते. त्यामुळे पुढे झाड कसलेही येवो, बी विक्रीस मोकळे झाले. नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने ही पळवाट बंद करण्याचे ठरविले आणि एक वर्षाची मुदत दिली. यापुढे बियाची पारख त्याच्या आईझाडावरून व्हावयाची आहे. बी तेच, व्यापार मात्र कधी उजळ, कधी चोरटा.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजाची घरगुती लागवड गुन्हाच आहे. पण वऱ्हाडातील साथींना ही कथा परकी वाटू नये. २००२ पासून आलेली बीटी कपाशी संकरित वाणांत आली आणि शेतकऱ्याच्या घरातले कपाशीचे बी संपले. २००१ च्या कायद्याने बी राखण्याचा हक्क त्याला दिला आहे. संकरित बी राखून त्याचा उपयोग काय, हे कायदा सांगत नाही.

जर्मन कायद्यात एक जागा आहे तिकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. तेथे पाचशेपर्यंत सभासदांची, नफ्यासाठी न चालणारी लागवड मंडळे स्थापता येतात आणि ती बी व कलमेही देऊ शकतात. नर झाडे वेगळी राखणे, वाण शुद्ध ठेवणे हे जागेचे आणि मेहनतीचे काम आहे. तो खर्च खिडकीतल्या तीन कुंड्यांना पेलत नाही. पाचशे जणांत वाटला तर पेलतो.