इच्छा आणि प्रार्थना



दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी म्हणाले, दोन शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेले, नांगरामागं चालणारे. कीर्तनाला उभे राहतो ते संतांच्या कृपेनं. आज एवढाच विषय घेतो, की इच्छा आणि प्रार्थना यांत फरक काय.

तुकोबारायांची पालखी देहूतून निघते, तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे आपण जाणताच. तिथं उभं राहिलं की मनात यायचं, मुसलमान बांधव देवाकडं काय मागत असतील? आमच्या गावच्या मौलवींना विचारलं. ते म्हणाले, "महाराज, नमाज वेगळी, दुवा वेगळी, अन् नुसती तमन्ना वेगळी."

नमाज दिवसातून पाच वेळा. हातपाय, तोंड धुवायचं आणि कपाळ भुईला टेकायचं. पीक आलं तरी पाच, बुडालं तरी पाच. तिच्यात सुरे फातिहा म्हणतात. आधी देवाची स्तुती, मग मागणं. मागणं कशाचं, तर सरळ वाटेचं. तेही एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी.

दुवा म्हणजे हात पसरून मागणं. त्याला मनाई नाही. पाऊस लांबला तर मोकळ्या मैदानात जमून खास नमाज पढतात. आधी गुन्ह्यांची माफी मागतात आणि पाणी मागतात.

मग तमन्ना कोणती? इराणातल्या तूस गावचे गझाली म्हणून थोर विद्वान होऊन गेले, इ.स. ११११ साली वारले. त्यांनी शेतकऱ्याचाच दृष्टांत दिलाय. एकानं चांगलं रान, चांगलं बी धरलं, पाणी दिलं, तण काढलं, मग देवावर भार टाकला. ती आशा. दुसऱ्यानं खडकाळ माळावर बी फेकलं अन् सुगीची वाट बघितली. तो वेडेपणा. तिसऱ्यानं रान चांगलं धरलं, पण पाण्याची सोय नाही, पाऊस सहसा पडत नाही, तरी आभाळाकडं बघत बसला. ती तमन्ना. गझाली सांगतात, मन हे रान आणि श्रद्धा हे बी.

आम्ही कोरडवाहूवाले, आम्हाला हसू आलं. पण आपण मृग बघून पेरतो, खुरपतो, राखण करतो. म्हणून आपली ती आशाच.

आमच्या माहितीतल्या एका माळकऱ्यानं पोराला नोकरी लागावी म्हणून वारी धरली. तीन वर्षं झाली, लागली नाही. त्यानं माळ काढून खुंटीला अडकवली. त्याला नावं ठेवू नका. पोराची काळजी कुणाला नसते? लेकरू आईकडं मागणारच. पण इच्छा पुरी झाली की संपते, नाही झाली तरी संपते. प्रार्थना दोन्हीतनं चालत राहते.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी वारी चुकवली नाही. घरात दाणा नव्हता. माघारी आले आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. नाम तोंडात होतं, हातोडा हातात.

तर मायबापहो, आपापल्या गावात असा कुणी माळ काढून बसला असेल, तर त्याला निरोप द्या. म्हणावं, यंदा काही मागू नको, नुसता आमच्यासंगं चालायला ये. पडशी आम्ही धरतो.

रामकृष्णहरी.