तारप्याकडे पाठ करायची नसते

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी काकांनी मला ‘तरुणांना मार्गदर्शन कर’ असं सांगितलंय. पण मार्गदर्शन करण्याइतकं माझं अजून काही जमलेलं नाही. मी रॅप लिहितो, त्याचं संगीत स्वतःच कॉम्प्युटरवर बनवतो आणि पोटापाण्यासाठी लग्नाच्या व्हिडिओंचा साऊंड नीट करून देतो. म्हणून मार्गदर्शनाऐवजी माझी एक चूक सांगतो.

आमचं मूळ गाव गंजाड. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी तिसरीत असताना आम्ही इथे डहाणूत, या सोसायटीत राहायला आलो. घरात वारली बोली. शाळेत तिच्यातला एखादा शब्द निसटला की मुलं हसायची. मग मी तो शब्द गिळायला शिकलो.

2015 साली डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ आलं. ते मी डहाणू लोकलमध्ये मित्राच्या मोबाइलवर ऐकलं. अंधेरी-कुर्ल्याची ती मुलं स्वतःच्या गल्लीबद्दल बोलत होती. मी काय केलं, तर त्यांचीच गल्ली उचलली. खिडकीबाहेर चिकूची वाडी, आणि मी हिंदीत गँगवॉर लिहितोय!

बेडरूमच्या भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्डिंग करायचो. माइकमध्ये माझ्या आवाजाबरोबर कुकरच्या शिट्ट्या आणि पाण्याची मोटरही यायची. खालच्या काकू एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, “अरे, तुझ्या गाण्याने माझी मांडणीवरची भांडी वाजतात!” विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये गेला. ठरलं असं, की रात्री नऊनंतर आवाज बंद, पण दुपारी दोन ते पाच सोसायटीचं ऑफिस मला वापरायला. माझा पहिला स्टुडिओ तोच. बरं का काकू, तक्रारीबद्दल मनापासून आभार!

मग 2019 मध्ये मुंबईच्या ‘स्वदेशी’ या ग्रुपचं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकलं. त्यात आरे कॉलनीतले प्रकाश भोईर आहेत. आपल्या जमातीचं नाव रॅपमध्ये ऐकून अंगावर काटा आला, आणि लाजही वाटली. कारण वारल्यांच्या उठावावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आमच्या घरातच होतं. वेठबिगारीविरुद्धचा तो लढा, 10 ऑक्टोबर 1945 चा तलवाड्याचा गोळीबार, हे सगळं इथलंच. मी ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं.

पुस्तक वाचलं आणि गंजाडला गेलो. आमच्या पाड्यावरचे एक आजोबा तारपा वाजवतात. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. श्वास न तोडता माणूस कितीतरी वेळ वाजवत राहतो. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं, घरी येऊन त्याचे तुकडे केले आणि माझ्या बीटमध्ये बसवले. तारप्याचा सूर कॉम्प्युटरच्या सुराशी जुळेना, तेव्हा तारप्याचा सूर वाकवला. गाणं बऱ्यापैकी चाललं. एका जाहिरातीसाठी पंचवीस हजार मिळाले, त्यातून नवा माइक घेतला.

पुढे पाड्यावर एका हळदीला डीजेने तेच गाणं लावलं. आजोबांनी ऐकलं आणि मला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “श्वास माझाच आहे, पण मी आजारी असल्यासारखा का वाजतो? आणि माझं नाव कुठे लावलंस?”

मी नाव लावलंच नव्हतं. गीत, संगीत, निर्मिती, सगळीकडे माझंच नाव.

गंजाड म्हटलं की लोकांना जिव्या सोमा मशे आठवतात. लग्नाचा चौक पूर्वी सवाशिणी लिहायच्या. मशे पुरुष असून रोज चित्र काढू लागले. भास्कर कुलकर्णींनी त्यांचं काम हेरलं, पुढे ते जगभर पोहोचलं. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांचं नाव राहिलं. पण कपांवर, पडद्यांवर, साड्यांवर जी वारली चित्रं दिसतात, ती कोणी काढली हे कोण विचारतं? मीही आजोबांच्या बाबतीत तेच केलं होतं.

मग ते गाणं पुन्हा केलं. या वेळी तारपा जसा आहे तसा ठेवला आणि माझी वाद्यं त्याच्या सुराला लावली. आजोबांचं नाव आधी, माझं नंतर, पैसे निम्मे निम्मे. जाहिरातीच्या पैशातले निम्मेही दोन हप्त्यांत दिले. कॉपीराइट कायद्यात वादकालाही स्वतःच्या वादनावर हक्क असतो, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी एका कंपनीने विचारलं, तारप्याची सगळी रेकॉर्डिंग एकरकमी विकतोस का? कोणीही विकत घ्यावीत आणि आपल्या गाण्यात वापरावीत. नाव कुणाचंच नाही. रक्कम माझ्या वर्षाच्या कमाईएवढी होती. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “मग उद्या हे कोणी वाजवलं म्हणून सांगतील?” मी कंपनीला नाही कळवलं. बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही. आई तर दर महिन्याला त्या पैशांची आठवण काढते. ती समोरच बसली आहे, बघा, आताही मान हलवतेय.

माझी महत्त्वाकांक्षा विचाराल, तर वारली बोलीतली सहा गाणी आणि गंजाडला एक छोटी रेकॉर्डिंगची खोली. तिथे जो वाजवेल, त्याच्या नावाने ते जपलं जाईल. सहापैकी दोन गाणी झाली आहेत. खोलीसाठी अजून फक्त चार पत्रे जमलेत!

कमिटीकडे एक मागणं आहे. आपल्या गेटवरच्या चित्रात नाचणाऱ्यांची तोंडं बाहेर आणि पाठ तारपेवाल्याकडे आहे. नाचताना तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. यंदा रंगकाम निघणारच आहे, तर गंजाडचा चित्रकार बोलवा आणि चित्राखाली त्याला सही करू द्या.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आजोबांचं नाव माझ्या नावाच्या वर छापलंय. ते मी इथून पुकारत नाही, ते स्वतःच माइकवर सांगतील. आजोबा, या वर. मुलांनो, खुर्च्या बाजूला घ्या, नाचायला जागा लागेल.