वेणी सुटते, मग जट का नाही?

(पेण व रोहा येथील महिला मंडळांच्या बैठकीतील भाषण)



तुमच्यातल्या कितीतरी जणी क्रोशाने तोरणं विणतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया हीच सुई केसांसाठी वापरतात. घरीच डोक्यालगत बारीक वेण्या घालतात, सुई वेणीखालून घालून गंगावनासारखे केस ओढून गाठ मारतात. त्यामुळे आतले कुरळे केस रोजच्या विंचरण्यातून वाचतात. वेणी ताणली तर मुळं दुखावतात, म्हणून ती बेताची घट्ट. काही आठवड्यांनी सोडून डोकं धुवायचं.

आपल्याकडे मात्र गुंता होऊन जट धरली की ‘देवी आली’ म्हणतात. मग तेल नाही, फणी नाही. जट जड होते, ओली राहते, उवा होतात, मान दुखते. बाईला धड झोपता येत नाही. तरी कापायचं म्हटलं की घर घाबरतं : देवी कोपेल, गाव काय म्हणेल?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांना जटांतून सोडवलं आहे. कात्री चालवण्याआधी घरच्यांशी बोलावं लागतं, तेच खरं काम.

वाळीत टाकण्याची धास्ती आपल्या रायगडला ठाऊक आहे. पण २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपण घातलेली वेणी आपण सोडतो. जट ठेवायची की काढायची, हेही त्या बाईनेच ठरवावं. तिच्या घरी जाऊन तिच्या शेजारी बसायला आपल्यापैकी कोण कोण येणार?