सूनबाई कामावर गेली आहे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी शेंगांची चटणी कुटीत होते. विषय कोणता म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिता लिहिता तुम्ही घर आणि सणवार कसे सांभाळलेत, ते सांगा." मला हसू आले. सांभाळले असे लोक म्हणतात. पण हातातून काय काय निसटले, ते माझे मला ठाऊक. तेव्हा आज मोठेपणा सांगत नाही. दोन चुका सांगते आणि त्यांतून जे शिकले ते सांगते.

लग्न होऊन 1966 साली मी सोलापुरात आले. आमच्या यांची नोकरी मिलमध्ये हिशेबनिसाची. त्या काळी गावाचा दिवस भोंग्यावर चाले. आता भोंगे गप्प झाले आहेत. पण पहाटेच्या भोंग्याला उठून पाळी सुरू होण्याआधी डबा भरणाऱ्या बायका या सभेत अजून पुष्कळ असतील. माझी पहिली गोष्ट 1969 साली एका मासिकात आली. पंधरा रुपयांची मनीऑर्डर आली, तेव्हा पोस्टमनला वाटले, माहेरहून आली असेल. मीही खरे काय ते सांगितले नाही. तिथपासूनच माझी पहिली चूक सुरू झाली म्हणा ना.

मराठी लेखिकेचे वर्ष आणि गृहिणीचे वर्ष यांचे एकमेकांशी मुळीच जमत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला फराळाबरोबर गोष्टी वाचायची गोडी लागली. चांगली गोष्ट झाली. पण अंक दिवाळीला हातात पडायचा, तर मजकूर भाद्रपदापर्यंत संपादकांकडे जायला हवा. म्हणजे लिहायचे केव्हा? श्रावणात. सोमवार, शुक्रवार, मंगळागौर, नागपंचमी, लगेच गणपती, महालक्ष्म्या. माझ्या नायिकेने दिवाळीच्या पहाटे अंगणात पणती लावली, तेव्हा बाहेर पाऊस पडत होता आणि माझा उपास होता! कोजागिरीचे चांदणे मी आषाढातल्या चिखलात वर्णिले आहे. आणि दिवाळीत सगळे लोक अंक वाचीत बसले, की मी मात्र चकलीचा सोऱ्या दाबीत असे.

आमच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरे होती. पुरुष मागावर आणि बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत. एक हात विडीवर, एक पाय पाळण्याच्या दोरीत. शेजारच्या अक्कांना माझे लिहिणे ठाऊक झाले होते. संध्याकाळी त्या विचारायच्या, "वैनी, आज किती पानं झाली?" मी विचारायची, "तुमची किती?" त्यांची पाने तेंदूची, माझी कागदाची. त्यांच्या विड्या कारखान्यात तपासून बाजूला काढीत, माझ्या गोष्टी 'साभार परत' येत. पण एक फरक होता. अक्कांचे काम सगळ्या घराला काम वाटे, कारण त्या उघड्यावर बसत आणि आठवड्याला पैसे घरात येत. मी माझे काम पदराखाली झाकून करी. तांदूळ निवडता निवडता ताटाखाली वही. कोणी आले की वही पिठाच्या डब्यामागे. ज्याला मीच काम म्हणत नव्हते, त्याला घराने काम का म्हणावे?

लपवून लिहायची ही रीत माझी एकटीची नव्हे. इंग्लंडात जेन ऑस्टिन लहान लहान कागदांवर लिही. तिच्या खोलीचे एक दार उघडताना करकरे. ते ती दुरुस्त करू देईना, कारण कोणी येत असल्याची तेवढीच वर्दी मिळे. आपल्याकडे काशीबाई कानिटकर लग्नानंतर, घरातल्या मंडळींची बोलणी सोसून वाचायला शिकल्या. बाळूताई खरे यांनी 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिले ते 'विभावरी शिरूरकर' या नावाआड उभ्या राहून, आणि 1935 चे 'विरलेले स्वप्न' ही प्रेमकथाही त्याच नावाने आली. अविवाहित शिक्षिकेने मुलींच्या मनातली प्रीती लिहावी, हे त्या काळाला पेलण्यासारखे नव्हते. 1938 साली विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई झाल्या. ज्यांना 'गुन्हेगार' म्हणून तारेच्या कुंपणात ठेवले होते, त्या जमातींच्या वसाहतींत त्यांनी शिक्षणाचे काम केले होते. त्या अनुभवातून 1950 साली 'बळी' आली. तसली सेटलमेंट आपल्या सोलापुरातही होती, तेव्हा ती कादंबरी आपल्याला फार दूरची वाटत नाही. पुढे सुमती क्षेत्रमाडे यांनी डॉक्टरी करून, योगिनी जोगळेकरांनी शिकवणे आणि गाणे सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या. या बायकांची नावे मी घेते ती एवढ्याचसाठी, की रिकामा वेळ मिळाला म्हणून कोणी लिहिले नाही.

आता माझी पहिली चूक. साल 1972. दुष्काळाचे वर्ष, डाळ-गूळ जपून वापरायचे दिवस. घरी महालक्ष्म्या बसलेल्या. दुसऱ्या दिवशी जेवण, सोळा भाज्या, पुरण. चुलीवर पुरण आटायला ठेवले आणि दोन ओळी लिहून येते, म्हणून माडीवर गेले. संपादकांचे तातडीचे कार्ड आले होते. दोन ओळींची दोन पाने झाली. खाली जळका वास आला तेव्हा भानावर आले. सवाष्णी दारात, आणि पातेल्याच्या बुडाशी काळे पुरण. सासूबाईंनी मला एक शब्द विचारला नाही. शेजारून डाळ उसनी आणून त्यांनी दुसरे पुरण घातले. मला वाटले, आता आपले लिहिणे सुटले.

सण आटोपल्यावर त्यांनी मला माजघरात बोलावले. त्यांना अक्षर येत नव्हते. म्हणाल्या, "अगं, चोरून का लिहितेस? चोरीचं काम घाईचं असतं. घाईत पुरण करपतं." मग म्हणाल्या, "त्या अक्कांना विड्यांचे मिळतात तसे तुला या पानांचे मिळतात ना? मग दुपारी दोन ते चार माडीवर बस. कोणी आलं तर मी सांगेन, सूनबाई कामावर गेली आहे."

आणि त्यांनी खरेच तसे सांगितले. मी वरच्या माडीवर आणि खाली पाहुण्यांना उत्तर, "सूनबाई कामावर गेली आहे, चार वाजता येईल." लोक विचारीत, "कुठल्या कचेरीत?" सासूबाई वर बोट दाखवीत. चार वाजता मी जिना उतरून खाली आले, की त्या मला चहा देत. मिलमधून आलेल्या मुलाला देत, तसाच. त्या दोन तासांत मी पूर्वी दिवसभर चोरून लिही त्याहून जास्त लिहू लागले. बदल्यात त्यांनी एकच मागितले, रात्री वाती वळताना तो दिवसाचा मजकूर वाचून दाखवायचा. एखादी नायिका फारच रडली की म्हणायच्या, "हिला काही काम दे." तो सल्ला मी जन्मभर पाळला.

इतके झाल्यावर शहाणपण यायला हवे होते. पण माणसाला मान मिळाला की त्याची भूक वाढते. ही माझी दुसरी चूक, आणि ती अजून बोचते. 1977 च्या जानेवारीत प्रकाशकांना माझी कादंबरी हवी होती. मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयांतून कादंबऱ्यांना मागणी असे, त्याआधी ती छापून निघायला हवी होती. मी दोन ते चारचे दहा ते सहा केले. त्यातच गड्ड्याची यात्रा आली. माझी मुलगी आठ वर्षांची. अक्षतांच्या सोहळ्याला मी नेईन, असे तिला कबूल केले होते. आपल्या सिद्धेश्वरांचे हे लग्न आपल्याला नवे नाही. कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला आणि त्या योग्याने आपला योगदंड पुढे केला. त्या लग्नाच्या अक्षता आपले सारे गाव दर वर्षी संमती कट्ट्यापाशी टाकते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे आणि सात उंच नंदीध्वज पाहायला ती पोर सकाळपासून परकर नेसून, रुमालात अक्षता बांधून जिन्यात बसली होती. "एवढं पान झालं की निघू," मी म्हणत होते. नायिकेच्या लग्नाचे प्रकरण चालले होते. यांना त्या दिवशी मिलमध्ये काम निघाले होते, सासूबाईंचे गुडघे धरलेले.

पान संपले तेव्हा अडीच वाजून गेले होते. गल्लीतली माणसे सोहळा पाहून परत येत होती. मुलगी वर आली. रडली नाही. रुमालाची गाठ सोडली आणि त्या अक्षता माझ्या कागदांवर टाकून म्हणाली, "घे, तुझ्याच गोष्टीतलं लग्न लाव." आणि खाली निघून गेली.

मैत्रिणींनो, त्या कादंबरीला वाचकांची पुष्कळ पत्रे आली. लग्नाचे प्रकरण फार आवडले, असे कित्येकींनी लिहिले. ती पत्रे वाचताना मला फक्त कागदावर पडलेल्या अक्षता दिसत.

त्यानंतर मी एक नियम केला. नवे पंचांग किंवा कॅलेंडर घरात आले, की संपादकांच्या तारखा लिहिण्याआधी घराचे दिवस त्यावर लाल शाईने मांडायचे. अक्षतांचा दिवस, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, दिवाळीचे चार, मुलांच्या परीक्षेनंतरचा एक आठवडा. त्या दिवशी लेखणीला हात लावायचा नाही, मग मनात कितीही सुंदर वाक्य येवो. आणि उलट बाजूने, दोन ते चार हा वेळ घरानेही मोडायचा नाही. आजारपण आले तर गोष्ट वेगळी. पण पाहुणे आले, पापड करायचे आहेत, ही कारणे चालणार नाहीत. संपादकांना मी कबूल करताना एक महिना उशिराची तारीख सांगू लागले आणि मनाशी एक महिना आधीची धरू लागले. आषाढाऐवजी वैशाखात दिवाळी लिहू लागले, एवढेच! ज्यांना ते पटले नाही, त्यांची दोन-तीन कामे गेली. जाऊ दिली. पहिल्या वर्षी फार हळहळले, मग सवय झाली.

मला पुष्कळ जणी विचारतात, "तुमचे हे कादंबरीतल्या नायकासारखे होते का हो?" मुळीच नव्हते. यांनी जन्मात मला एक गोड वाक्य म्हटले नाही. पण रात्री निजण्यापूर्वी माझ्या पेनात शाई भरून ठेवायचे. कधी चुकले नाही. पुढे बॉलपेन आले तरी त्यांची शाईची दौत सुटेना. पुष्कळ वर्षे मी नायकांच्या तोंडी लांबलचक भाषणे घालीत होते. एकदा एका नायकाला न बोलता शाई भरायला लावले, आणि त्या एका ओळीवर जितकी पत्रे आली, तितकी कुठल्या भाषणावर आली नव्हती. घर सांभाळण्यात लेखिकेचा वेळ जातो, हे खरेच. पण प्रेम कसे असते, हे तिला तिथेच कळते. घराकडे पाठ केली असती, तर लिहायला काय उरले असते?

आता काळ बदलला आहे. तरुण मुली मोबाईलवर प्रेमकथा लिहितात, रोज एक भाग देतात. वाचक सणाच्या दिवशीही पुढचा भाग मागतात, कारण सुट्टी असते ती वाचकाला. त्या मुलींना माझे सांगणे एवढेच. चोरून लिहू नका. आपले काम घरात मोठ्याने सांगा आणि त्याचा वेळ मागून घ्या. आणि मागून घेतलेल्या वेळेच्या बाहेर घराचा वेळ चोरू नका. वाचक दोन दिवस थांबतो. आठ वर्षांचे मूल पुढच्या वर्षी नऊ वर्षांचे होते.

शेवटची गोष्ट सांगून बसते. माझी नात पुण्याला नोकरी करते. 2020 साली करोनाच्या दिवसांत ती सोलापूरला आमच्याकडे आली होती आणि घरातूनच संगणकावर काम करीत होती. माझी मुलगी, तीच ती अक्षतांची, तेव्हा आमच्याकडेच होती. एका दुपारी शेजारच्या बाईंनी दारातूनच नातीला हाक मारली. नात आतल्या खोलीत, दार लावून. मी उठणार, तोच माझी मुलगी दारात जाऊन म्हणाली, "ती कामावर गेली आहे. चार वाजता येईल."

माझ्याकडे तिने वळून पाहिले नाही. पण चार वाजता तिने चहा तीन कप केला आणि पहिला कप त्या दारापाशी नेऊन ठेवला.