लांकडाच्या तीन दिशा

लांकूड मजबूत असतें काय, असें कोणीं विचारल्यास जाणत्या सुतारानें उलट विचारावें, ‘कोणत्या दिशेनें ?’ ओंडका उभा ठेवून त्याच्या माथ्यावर कुऱ्हाड घातली, तर तो थोड्याच घावांत दुभंगतो; तोच आडवा तोडूं गेल्यास घाम काढतो. पदार्थ एक, पण गुण दिशेगणिक निराळा. अशा पदार्थांस ‘विषमदिक्’ म्हणतात. साधी कांच तशी नव्हे; तिचे गुण सर्व दिशांना सारखेच.

ह्याचें मूळ झाडाच्या घडणींत आहे. लांकडांतील बहुतेक पेशी उभ्या, बारीक नळ्यांसारख्या असतात आणि त्यांच्या भिंतींतील सूक्ष्म धागेहि बव्हंशीं उभेच असतात. पावसाळी हवेंतील ओलावा ह्या धाग्यांमध्यें शिरतो व त्यांना एकमेकांपासून दूर सारतो. म्हणून लांकूड रुंदींत फुगतें, लांबींत जवळजवळ नाहीं. ओलें लांकूड पूर्ण वाळविलें, तर लांबींत तें शेंकडा ०·१ ते ०·२ एवढेंच आटतें. सागवान मात्र गाभ्याकडून सालीच्या दिशेनें शेंकडा सुमारें २·५, तर वाढीच्या वर्तुळांच्या अंगानें सुमारें ६ आटतें. ह्या शेवटच्या दोन आंकड्यांतील तफावतीमुळेंच फळीला बांक येतो.

आषाढांत दार अडकलें, कीं आपण रंधा मारवितों आणि चैत्रांत फटींतून ऊन आंत येतें. जुने कारागीर मधली फळी चौकटीच्या खांचणींत सैल बसवीत, तें ह्याचसाठीं. तिला फुगण्यास व आटण्यास जागा हवी; खिळ्यांनीं ती जखडली, तर चिरते.

शिडी घेतांना मात्र प्रश्न दाराचा नसून जिवाचा असतो. पायरीच्या तंतूंच्या रेघा तिच्या लांबीशीं समांतर आहेत कीं नाहींत, हें अवश्य पाहावें. पांच इंचांत एक इंच इतक्या त्या तिरप्या असल्या, तर वांकवून मोडण्यास लागणारा जोर सुमारें निम्म्यावर येतो. आणि रंगाच्या थराखालीं हा दोष दिसत नाहीं. म्हणून शिडी बिनरंगाची घ्यावी.

प्लायवूडमध्यें पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवून एका दिशेचा दुबळेपणा दुसरीच्या बळानें झांकलेला असतो. लांकडाचा स्वभाव त्यानें बदलत नाहीं. तो ओळखून त्याची योजना मात्र केलेली असते.