मलाजखंडचे तांबे आणि जामनगरच्या तोट्या
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला कारकून. मला व्हाउचरची सवय आहे, भाषणाची नाही. मागच्या बैठकीत ठराव मांडला गेला की, जो कोणी मत मागायला येईल त्याच्याकडून मलाजखंडला पितळी नळ-फिटिंगचा कारखाना काढून देण्याचे वचन घ्यावे; माल परदेशी जाईल, पोरांना काम मिळेल. ठरावावर सह्या व्हायच्या आहेत. त्याआधी थोडा हिशेब ऐकून घ्या.

हिंदुस्तान कॉपरची मलाजखंडची खाण आपल्या जिल्ह्यात आहे, याचा अभिमान मलाही आहे. पण तिथून जे निघते ते तांबे नव्हे. शंभर किलो दगडात तांबे साधारण एक किलो. दगड दळून, फेसावर तरंगवून त्याचे कॉन्सन्ट्रेट करतात आणि ती भुकटी जिल्ह्याबाहेर जाते. पूर्वी ती राजस्थानात खेत्रीला जाई; तिथली भट्टी २००८ साली बंद झाली. २०१८ साली तुतिकोरिनचा मोठा कारखानाही बंद झाला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश ते आयात करू लागला.

आता जामनगर बघा. तिथे ना तांब्याची खाण, ना जस्ताची. तरी पितळी फिटिंग म्हटले की पहिले नाव त्याच गावाचे. कच्चा माल कुठला? बराचसा परदेशातून जहाजाने येणारे भंगार, जुन्या तोट्या, व्हॉल्व्ह. आपल्या आज्या कासाराला मोड देऊन नवी घागर घ्यायच्या, तोच हा व्यवहार, फक्त कंटेनरने. भंगार वितळवायचे, सळ्या काढायच्या, लेथवर आटे पाडायचे आणि माल पुन्हा परदेशी पाठवायचा. म्हणजे खाण जवळ असणे हा मुद्दाच नाही. बंदर जवळ हवे आणि हात तयार हवा. हातही पुरत नाही म्हणा. भंडाऱ्याच्या कारागिरांचा हात तयारच होता, पण घरोघरी स्टील आले.

या धंद्यात धातूचा भाव लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. ऑर्डर घेतल्यावर तांबे चढले तर लहान कारखानदाराचा नफा तिथेच संपतो. लेटर ऑफ क्रेडिट असले म्हणजे पैसे पक्के, असे लोकांना वाटते. बँक माल बघत नाही, कागद बघते. बिलात एक शब्द चुकला तरी पैसे अडकतात. शिवाय लेथवर नीट कातले जावे म्हणून पितळात दोन-तीन टक्के शिसे घालतात. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये पूर्वी आठ टक्क्यांपर्यंत शिसे चालवून घेतले, पण ४ जानेवारी २०१४ पासून पाणी लागणाऱ्या भागात सरासरी ०.२५ टक्क्यावर आणले. भंगारात शिसे आधीच असते. तेव्हा अशा मालाला वेगळी धातू, वेगळी भट्टी, वेगळी तपासणी लागते.

आणि १ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने तांब्याच्या अर्धवट तयार मालावर आणि पाइप-फिटिंगसारख्या वस्तूंवर ५० टक्के शुल्क लावले. खनिज, कॉन्सन्ट्रेट आणि भंगार मात्र त्यातून वगळले. कच्चे खुशाल पाठवा, घडवून पाठवू नका, असाच त्याचा अर्थ. आपण तर शंभराहून अधिक वर्षे कच्चेच पाठवतो आहोत, भरवेलीचे मँगनीज काय आणि मलाजखंडचे तांबे काय.

हे सगळे सांगायचे कारण, ठरावाची चर्चा झाल्यावर आपल्यातले दोन गृहस्थ मला भेटले. घर तारण ठेवून या धंद्याला किती कर्ज मिळेल, असे विचारत होते. नावे सांगणार नाही. एकाचे घर आजोबांनी बांधलेले आहे. मी त्यांना थांबायला सांगितले. त्यांना राग आला असेल, तर तो मला चालेल.

माझी दुरुस्ती अशी आहे. ठरावातला 'कारखाना' हा शब्द काढावा. त्या जागी बालाघाटच्या आयटीआयमध्ये सीएनसी लेथचा वर्ग आणि धातू तपासणीची प्रयोगशाळा मागावी, आणि वचन तारखेसह लेखी घ्यावे. मंडळाच्या शिक्षण निधीतून दरवर्षी दोन मुले वर्षभर जामनगरला कामावर पाठवावीत. त्यांनी तिथली वही बघून यावे, मग कर्जाचे बोलू. दुरुस्तीला अनुमोदन कोण देते, ते अध्यक्षांनी विचारावे.